खोडायचं तर एकच रेघ

काउंटीच्या अर्काइव्हमध्ये, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या दप्तरखान्यात, पेन न्यायला बंदी आहे. पर्स, पाण्याची बाटली, पेन, सगळं लॉकरमध्ये ठेवायचं आणि त्यांनी दिलेली पेन्सिल घेऊन आत बसायचं. पेन एकच, दाराशी ठेवलेल्या रजिस्टरला दोरीने बांधलेलं. त्या रजिस्टरात येणाऱ्याने तारीख, नाव आणि कामाचं स्वरूप लिहायचं. पहिल्याच मंगळवारी मी तारीख चुकवली आणि ती सवयीने गिरगटून टाकायला लागले, तर काउंटरमागचा क्लार्क जवळजवळ ओरडलाच, "स्टॉप! खोडायचं तर एकच रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे."

मला हसूच आलं. हे वाक्य ऐकतच मी लहानाची मोठी झाले होते. माझे बाबा साताऱ्याला कलेक्टर कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये होते. शाळा सुटल्यावर मी तिथे जाऊन बसायची. लाल कापडात बांधलेले रुमाल, म्हणजे कागदांचे गठ्ठे, सोडायला आणि पुन्हा तसेच बांधायला मला त्यांनीच शिकवलं. कुणी कारकुनाने नोंद खरवडून दुरुस्त केली की बाबांचा पारा चढायचा. चूक झाली तर झाली, म्हणायचे, एक रेघ मार, बाजूला सही कर, पण लपवू नकोस. जवळजवळ आठ हजार मैलांवर, न्यू जर्सीत, एका परक्या माणसाने तेच खेकसून सांगितलं आणि मला त्याचा राग यायच्या ऐवजी जिव्हाळाच वाटला.

मी तिथे का गेले होते, तर मला दुसरं काही काम नव्हतं. एका शाळेच्या ऑफिसात फायलिंगची नोकरी होती. माझं वर्क परमिट नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून, ते संपलं आणि नवं वेळेत आलं नाही. शाळेने सहानुभूतीचा ईमेल पाठवला आणि माझ्या जागी दुसरी बाई घेतली. नवरा ग्रीन कार्डच्या रांगेत अकरा वर्षं उभा, त्याच्या मागे मी आणि मुलगी. माझ्या पासपोर्टवरच्या व्हिसाचा शिक्का केव्हाच संपला होता. असं असलं तरी इथे राहता येतं, पण एकदा देश सोडला की मुंबईला मुलाखत देऊन नवा शिक्का मिळेपर्यंत परत येता येत नाही. आमच्या ओळखीतल्या एकाला तिथे सात महिने बसवून ठेवलं होतं. त्यामुळे बाबांना मी सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. दर रविवारी फोनवर त्यांचं कपाळ दिसायचं, कारण त्यांना फोन नीट धरता येत नाही.

"रिस्क नको यार. तिकडे अडकलीस तर?" नवरा म्हणायचा.

"आणि इथे काय मोकळी आहे का मी?" मी म्हणायची. मग तो लॅपटॉप उघडायचा, आणि मी भांडी आपटायची. मुलगी वरून ओरडायची, "मॉम, कॅन यू नॉट?"

शेजारच्या घरात एक अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई एकट्या राहायच्या. इटालियन घरातल्या, पण जन्म इथलाच. इथे म्हाताऱ्या माणसालाही नावाने हाक मारतात. माझ्या तोंडून ते येईना, म्हणून मी त्यांना मावशी म्हणायला लागले. त्याचा अर्थ आईची बहीण, असं सांगितलं तर त्या खूश झाल्या. त्यांच्या अंगणात अंजिराचं झाड होतं, आजोबांनी गावाहून आणलेल्या फांदीचं. इथल्या थंडीत ते मरतं म्हणून दर नोव्हेंबरला त्याच्या फांद्या दोरीने आवळून, वरून गोणपाट गुंडाळून, शेंड्यावर बादली उलटी घालायची. जुन्या इटालियन घरांतून अजून असं करतात. आम्ही राहायला आलो त्या वर्षी मला वाटलं अंगणात कुणाला तरी बांधून ठेवलंय.

मावशींनी एकदा गाडी मागे घेताना रस्त्यावरची टपालपेटी पाडली. त्यांचा मुलगा दूर दक्षिणेत, अल्फारेटाला राहतो. तो विमानाने आला, गाडीच्या किल्ल्या खिशात घालून परत गेला, आणि जाताना सांगून गेला की पुढच्या उन्हाळ्यात घर विकायचं आणि आईला त्याच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात न्यायचं. तिथलं माहितीपत्रक त्याने फ्रिजवर लावलं होतं. मावशींनी त्यावर किराण्याची यादी लिहिली.

त्यांचा बेत वेगळा होता. दक्षिण इटलीतल्या डोंगरात त्यांच्या आजी-आजोबांचं गाव. एकोणिसाव्या वर्षी त्या तिथे एक उन्हाळा राहिल्या होत्या. तिथली त्यांच्याच वयाची, आजोबांकडची चुलत बहीण आता विधवा होती आणि वरचा मजला रिकामा होता. ये आणि राहा, असं तिचं म्हणणं. पण अमेरिकन पासपोर्टवर तिथे नव्वद दिवसांच्या वर राहता येत नाही. राहायचं तर रक्ताच्या नात्याने आपण इटालियनच आहोत हे कागदांनी सिद्ध करायचं. आजोबा इटालियन, त्यांचा मुलगा म्हणून वडील इटालियन, म्हणून मावशी इटालियन. घर विकलं जायच्या आत ही साखळी कागदावर जुळवायची होती. मी म्हटलं, गाडी मी चालवते, कागदही मी शोधते. पैसे द्यायला लागल्या तर मी घाबरून दोन पावलं मागे सरले. परमिट नसताना घेतलेली कॉफीसुद्धा मला गुन्हा वाटायची.

अशा रीतीने आमचे मंगळवार सुरू झाले. त्या दिवशी सकाळी मावशी लिपस्टिक लावून पायरीवर तयार असायच्या. वाटेत आयसेलिनच्या देशी दुकानात थांबून मी कढीपत्ता घ्यायची आणि त्यांना समोसा. मग अर्काइव्ह. क्लार्क पेन्सिली द्यायचा, मावशी खुर्चीत पेंगायच्या आणि मी जाडजूड बाइंडर चाळायची. खरं सांगते, त्या खोलीत मला फार बरं वाटायचं. तिथल्या कुठल्याच माणसाच्या केसचं स्टेटस बघायचं नव्हतं. सगळ्यांचे निकाल लागून गेलेले होते.

पाचव्या मंगळवारी मला आजोबांचा कागद मिळाला. नागरिकत्वाचा अर्ज, खाली शपथ, त्याखाली वेडीवाकडी सही, आणि कोर्टाचा शिक्का. गवंडी, मूळ इटलीचा, आजपासून अमेरिकेचा नागरिक. मी खुर्चीवरून उठलेच. "मिळालं! मावशी, मिळालं! नागरिक झाले तुमचे आजोबा!" मराठीत ओरडले आणि मग इंग्रजीत. क्लार्कने ओठांवर बोट ठेवलं. मला त्यांना मिठी मारायची होती. ज्या कागदासाठी आमच्या घरातली माणसं अकरा वर्षं नीट झोपली नाहीत, तो कागद मी हातात धरून उभी होते.

मावशींनी चष्मा लावला, तारीख पाहिली आणि बोटांवर महिने मोजले. मग चष्मा काढून शांतपणे म्हणाल्या, "माझे वडील ह्याच्यानंतर पाच महिन्यांनी जन्मले."

तरीही मला कळेना. मग त्यांनी समजावलं. मुलगा जन्मायच्या आधीच बाप अमेरिकन झाला, म्हणजे मुलाला द्यायला त्याच्याकडे इटलीचं नागरिकत्व उरलंच नाही. साखळी तिथेच तुटली. हा कागद सापडू नये, किंवा निदान उशिराचा सापडावा, अशी त्या पाच आठवडे प्रार्थना करत होत्या, आणि मी तो नाचत नाचत त्यांच्यापुढे आणून ठेवला होता. इतकी मी आमच्या रांगेत रुतलेली, की नागरिकत्वाचा कागद कुणाचं नुकसानही करू शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. लाजेने मला तोंड वर करवेना. मावशीच म्हणाल्या, चल, समोसा खाऊ.

घरी येऊन मी त्या कागदाचा फोटो पुन्हा पुन्हा वाचला. मुलांच्या रकान्याच्या वर बायकोचा रकाना होता. तिचं पहिलं नाव, पुढे आजोबांचं आडनाव, वय, राहणार ह्याच पत्त्यावर. बस. मावशींनी ह्या कामासाठी धरलेल्या वकिलाला मी ते ईमेलने पाठवलं, तेव्हा त्याने एक फट दाखवली. त्या काळी नवरा नागरिक झाला की बायको आपोआप व्हायची. तिने अर्ज केला नव्हता, शपथ घेतली नव्हती. जे तिने मागितलं नाही त्यापायी तिचं इटालियनपण गेलं असं मानू नये, असा दावा तिकडच्या कोर्टात करता येतो. तिकडचे कायदे बदलत होते, खात्री तो देत नव्हता. पण आजीच्या बाजूने साखळी पुन्हा जुळू शकत होती. त्यासाठी आजीचा जन्माचा दाखला हवा, आणि तिच्या माहेरचं आडनाव कुणालाच, गावातल्या बहिणीलाही, ठाऊक नव्हतं.

डिपेंडंट. माझ्या प्रत्येक फॉर्मवर असतो तो शब्द, म्हणजे नवऱ्यावर अवलंबून. मला तो शब्द त्या कागदावर शोधायची गरजही पडली नाही. आजीची सही कुठे आहे म्हणून मी चारही पानं उलटीपालटी केली. नव्हतीच. नवऱ्याची होती, दोन साक्षीदारांची होती, क्लार्कची होती. मला इतका संताप आला की त्या रात्री मी नवऱ्याशी बोललेच नाही. तो बिचारा विचारत राहिला, काय झालं. मी सांगितलं, शंभर वर्षांपूर्वीचं आहे, तुझं काही नाही.

मग आगबोटींच्या याद्या. आजी थोरल्या मुलाला, दोन वर्षांच्या पोराला, घेऊन आजोबांच्या मागून आली एवढं मावशींना माहीत होतं. मी सगळा हिवाळा आजोबांच्या आडनावाच्या बाया शोधल्या. डोळे दुखायला लागले. शेवटी एका यादीत पोरगं सापडलं, वय दोन, आडनाव आजोबांचं, गाव तेच. पण त्याच्या वरच्या ओळीत भलत्याच आडनावाची बाई. मागेपुढे आईचा पत्ता नाही. मी डोकं चालवलं आणि मावशींना जड मनाने सांगितलं, की पोराला कुणी परकी बाई घेऊन आलेली दिसते, आजीचं काही तरी बरंवाईट झालं असणार, आणि तुमच्या वडिलांची आई कदाचित दुसरीच कुणी. मावशी पांढऱ्या पडल्या.

क्लार्क मागे उभा राहून ऐकत होता. आमचे उतरलेले चेहरे पाहून तो पुढे आला. त्याने यादी पाहिली आणि म्हणाला, "पुढचं पान बघितलं का?" यादी दोन पानांवर पसरलेली असते, हे मला माहीतच नव्हतं. पुढच्या पानावर त्याच ओळीत रकाना होता, कुणाकडे चालली आहे? नवऱ्याकडे. आणि नाव आजोबांचं.

"ही आईच आहे," तो म्हणाला. "इटालियन बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत. जन्मभर बापाचंच. तू कुठल्या नावाने शोधत होतीस?"

मी कपाळावर हात मारला. तीन महिने ती त्या यादीत आपल्या पोराला मांडीवर घेऊन बसली होती आणि मी तिला नवऱ्याच्या आडनावाने हाका मारत होते. बाई लग्नानंतर नवऱ्याच्या नावाखाली सापडणार, हे मी इतकं धरून चालले होते की विचारलंसुद्धा नाही. या देशाच्या कागदांनी तिचं आडनाव बदललं होतं. ती बोटीत चढली तेव्हा तिचं नाव तिच्याजवळच होतं.

परतताना मी गाडीत मावशींना माझ्या लग्नाचं सांगितलं. आमच्याकडे आडनाव तर बदलतातच, काही घरांत पहिलं नावसुद्धा बदलतात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा त्यात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. माझं सासूबाईंनी निवडलं होतं. काय ठेवलंय ते मी वाकून वाचलं, आणि सगळ्या हसल्या म्हणून हसले. पुढे पासपोर्ट त्या नावाचा, व्हिसा त्या नावाचा. इमिग्रेशनच्या फॉर्मवर 'इतर वापरलेली नावं' असा एक रकाना असतो, चोवीस वर्षं ज्या नावाने मी वाढले ते त्यात जातं. आता त्या नावाने फक्त बाबा हाक मारतात.

"आणि तू चालवून घेतलंस?" मावशींनी विचारलं.

"पद्धत आहे आमच्यात," मी फणकारले. लाल दिव्याला थांबलो तेव्हा त्या म्हणाल्या, "काय होतं ते? हळू सांग." मी सांगितलं. त्यांनी ते चार वेळा म्हणून पाहिलं, चारही वेळा चुकीचं, आणि त्यानंतर मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. मला रडू आवरेना. गाडी चालवताना फार गैरसोयीचं असतं ते.

एप्रिलमध्ये आजीच्या गावच्या नगरपालिकेतून लिफाफा आला. आजीच्या जन्माचा दाखला, समासात तिच्या लग्नाची नोंद, आणि दोन्हीकडे तेच आडनाव. मावशींनी अंगणातल्या अंजिरावरचं गोणपाट सोडलं आणि तिथेच उभ्याने तो कागद मला तीनदा वाचायला लावला. पण वकिलाचं उत्तर आलं की दावा दाखल केल्यावर निकालाला दोन-तीन वर्षं सहज जातील. घराला गिऱ्हाईक मिळालं होतं. मुलगा जूनमध्ये सामान बांधायला येणार होता.

मे महिन्यात मावशींनी मला चहाला बोलावलं. टेबलावर विमानाचं तिकीट होतं. "टुरिस्ट म्हणून चालले," त्या म्हणाल्या. "नव्वद दिवस."

"आणि एक्याण्णवाव्या दिवशी?"

"त्या दिवशी मी बहिणीबरोबर टोमॅटो वाळवत असेन."

ओव्हरस्टे! मुदत उलटूनही राहणं. आमच्या घरात हा शब्द रोगाच्या नावासारखा, हळू आवाजात बोलतात. मी त्यांना दंड सांगितला, बंदी सांगितली, रेकॉर्ड खराब होतं ते सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हाताऱ्या बाईला घरातून ओढून काढायचं असेल तर येऊ देत त्यांना. इथे तरी माझा मुलगा दुसरं काय करतोय?" मला त्यांचा भयंकर हेवा वाटला. हे मी कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. त्यांच्याजवळ परत यायला अमेरिकेचा पासपोर्ट होता म्हणून त्या जाऊ शकत होत्या. माझ्याजवळ काय होतं?

एक काम राहिलं होतं. दाव्याला आजोबांच्या त्या अर्जाची शिक्क्याची नक्कल लागणार होती, आणि अर्काइव्हमध्ये ती तयार व्हायला महिना होता. मावशींनी वकिलाकडून माझ्या नावाचं अधिकारपत्र करून घेतलं. ती नक्कल माझ्या हातून पोचली तरच दावा उभा राहणार होता. नाही तर एक्याण्णवाव्या दिवसानंतर त्यांच्याजवळ दाखवायला काहीच नव्हतं. विमानतळावर त्यांनी मला जवळ घेतलं, माझं नाव पुन्हा एकदा चुकवलं आणि व्हीलचेअरमध्ये बसून, मागे न बघता गेल्या.

महिन्याने, मंगळवारीच, मी एकटी अर्काइव्हमध्ये गेले. दाराशी रजिस्टर, दोरीला पेन. तारीख लिहिली. नावाच्या रकान्यात माझ्या हाताने माझं नाव लिहिलं. जन्माचं. ठरवून लिहिलं म्हणाल तर नाही, आणि चुकून लिहिलं म्हणाल तर तेही खरं नाही. अक्षर छान आलं होतं. कामाचं स्वरूप, नक्कल घेणे.

क्लार्कने अधिकारपत्र पाहिलं, माझं लायसन्स पाहिलं, मग रजिस्टर स्वतःकडे फिरवलं. "हे कोण?"

"मीच."

"लायसन्सवर दुसरं आहे. पत्रावरही."

"हे माझं नाव आहे," मी म्हटलं. आवाज चढला होता. "आधीचं. खरं."

वर्षभर दर मंगळवारी त्याने मला पाहिलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हाही कडकपणा नव्हता, ओशाळलेपणा होता. "मला माहीत आहे तू कोण आहेस," तो म्हणाला. "पण शिक्क्याचा कागद आहे. तिन्हीकडचं नाव जुळलं नाही तर मला देता येत नाही."

पाकीट त्याच्या हाताखाली होतं. मी त्याच्याशी भांडू शकले असते, आणि भांडायची मला फार इच्छा होती. पण डोंगरातल्या त्या गावात एक बाई नव्वदातले दिवस मोजत होती. मी पेन उचललं. माझ्या नावावर रेघ मारली, एकच, पट्टी लावल्यासारखी सरळ. त्याच्यावर पासपोर्टवरचं नाव लिहिलं आणि बाजूला सही केली. त्याने पाकीट पुढे सरकवलं. त्याच दुपारी मी ते कुरिअरने वकिलाला पाठवलं आणि पावतीचा फोटो मावशींना.

रविवारी बाबांचा फोन आला. पडद्यावर कपाळ, वर फिरणारा पंखा. त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली आणि नेहमीसारखं विचारलं, "काय गं, ह्या आठवड्यात कुठलं रजिस्टर बघितलंस?"

"बघितलं नाही, बाबा. मीच एक नोंद केली. आणि मग खोडावी लागली."

"गिरगटली नाहीस ना?"

"नाही. एकच रेघ."

"खालचं वाचता येतंय?"

"येतंय, बाबा. अगदी स्पष्ट."

"मग राहू दे," ते म्हणाले. "शोधणाऱ्याला सापडेल."